बोलायची खोली

शामराव अप्पांशी बोलायचं तर पुढे वाकावं लागे. वरवट बकालला त्यांच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर, त्यामुळे हे वाकणं मी चालायला लागलो तेव्हापासून शिकलो. अप्पांचा घसा बसलेला नव्हता, की छातीत काही दुखणं नव्हतं. ते हळू बोलत, एवढंच. शेजारी रवंथ करणाऱ्या बैलाची तंद्री मोडू नये, इतपत. घरात लहानथोर तीसेक माणसं, कोठ्यात ढोरं, हंगामात अंगणभर कापूस वेचणाऱ्या बायांचा गलका, आणि या सगळ्यावर ज्याचं राज्य तो माणूस ओठांतल्या ओठांत बोले. तो बोलू लागला की गलका थांबे. नाही थांबला तर अप्पाच थांबत, आणि कोणीतरी ओरडे, "ओ बायाहो, चूप बसा न जरा! अप्पा बोलून राह्यले!"

"आवाज चढला का घर उतरते," असं ते म्हणत.

एकदा गावातले दोन शेजारी धुऱ्यावरून भांडत त्यांच्याकडे आले. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. वऱ्हाडात तिच्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलणं टाकतात. दोघांचे डोळे लाल झालेले, एकाच्या कमरेला विळा. अप्पांनी तंबाखू मळली, चिमूट गालात धरली आणि निवाडा सांगायला सुरुवात केली. दोघांनाही ऐकू येईना. दोघेही पुढे वाकले. आणखी वाकले, आणि कपाळं एकमेकांवर दाणकन आपटली. पागोटी खाली पडली, सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेली मंडळी हसली, आणि ज्यानं विळा आणला होता तोच कपाळ चोळत म्हणाला, "अप्पा, आता तुमी म्हनसान तसं. पर जरा मोठ्यानं सांगा बाप्पा, न्हाई तं आमचं डोस्कं फुटते."

मला अप्पांची जी गोष्ट सर्वांत आवडे ती तहसीलदाराची. नागपूरहून बदलून आलेला नवा तहसीलदार गावात फेरीला आला, खुर्चीवर बसला आणि अप्पांना म्हणाला, "मोठ्याने बोला." अप्पा होते तेवढ्याच आवाजात बोलले. तो पुन्हा म्हणाला. अप्पा पुन्हा तेवढेच. शेवटी साहेबानं स्वतःच्या हातानं खुर्ची उचलली आणि पुढे आणली. माझे वडील मलकापूरला एका छापखान्यात खिळे जुळवीत. तिथून घरी येणाऱ्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली आणि त्याच पत्रकांवर माझी मतं वाढली. तेव्हा मला ही गोष्ट म्हणजे सरकारशी केलेला असहकारच वाटला, आणि तसं मी अप्पांना मोठ्या जोशात सांगितलं.

ते म्हणाले, "कायचा असहकार बे? त्याची खुर्ची उन्हात होती. सावलीत आली त्या निमतानं."

असा हा माणूस. पण एका बाबतीत त्यांच्या हळू आवाजाला लोखंडाची धार होती. त्यांच्या घरात चूल एक. भाऊ वारले, पुतणे मोठे झाले, सुना आल्या, नातसुना आल्या, तरी मोठ्या सैपाकघरातली ती लांबलचक चूल एकच. पुरुषांची पंगत एक, आणि शेवटचं पोर पाटावर बसल्याशिवाय अप्पा घास उचलत नसत. त्यांचा धाकटा पुतण्या शेषराव. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात फार आजारली, तिला साधं गरम पाणीसुद्धा वेळेवर मिळेना, तेव्हा त्यानं आपल्या सपरीत एक लहानशी चूल मांडू द्या म्हणून विनवलं होतं. अप्पा म्हणाले, "चूल वेगळी म्हंजे घर वेगळं. गाव आपला धूर मोजते, शेषराव." विषय तिथं संपला. शेषराव कबूल झाला, पण त्या दिवसापासून तो पंगतीत मान खाली घालून जेवू लागला. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणाऱ्यांनी असं मान खाली घालून जेवणं कधी पाहिलं आहे का, असं मला तेव्हाही विचारावंसं वाटे आणि आजही वाटतं.

अप्पांच्या बायकोला सगळं गाव मोठीमाय म्हणे. ती घाटावरची, अमडापूरची. घाटाखाली सून होऊन आली तेव्हा म्हणे तिचं हसणं चार घरांवर ऐकू जाई आणि त्यासाठी सासूनं तिला बरंच ऐकवलं होतं. त्या घरात नवराबायकोनं दिवसा एकमेकांशी बोलायची रीतच नव्हती. आधी सासूसासऱ्यांची लाज. ती दोघं गेली, तोवर सुना आल्या; मग सुनांची लाज. मधे एक दिवस रिकामा मिळाला नाही. चाळीसेक वर्षांचा संसार झाला, पण उजेडात बोललेली त्यांची वाक्यं ओंजळीत मावली असती. जे काही बोलणं व्हायचं ते सगळं दिवा मालवल्यावर, कुजबुजत. अप्पांना ते जमे. कुजबुज ही त्यांची मातृभाषाच होती.

आणि मग मोठीमायला ऐकू येईनासं झालं.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. दूध उतू जाऊ लागलं, दारातल्या भिकाऱ्याला ती उत्तर देईना. मग एकदा बैलांची बंडी मागून अगदी अंगावर आली तरी ती वळली नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं. अप्पांनी तिला मलकापूरला नेलं. आगगाडीच्या फलाटावर इंजिनानं शिट्टी दिली तेव्हा सगळ्या बायांनी कान झाकले, आणि मोठीमायनं वर बघून विचारलं, "ढग दाटले काय?" डॉक्टरनं सांगितलं, उजवा कान गेला, डाव्यात थोडं उरलं आहे, तेही हळूहळू जाईल.

घरातली माणसं वाईट नव्हती. सुनांनी तिला सैपाकघरातून प्रेमानं उठवलं. "माय, तुमी बसा आता. लय केलं." ती बसली. आपल्याच चुलीपासून दहा हातांवर, पाहुणीसारखी. कोणी काही विचारलं तर ती मोठ्यानं उत्तर देई, कारण आपला आवाज केवढा ते तिला कळत नसे. अप्पा तर आणखीच पेचात पडले. एका रात्री ते नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं तिला काहीतरी सांगायला गेले, आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माह्यावर कायले रागावता? म्या काय केलं?" सकाळी सगळ्या सुना खाली बघून भाकरी थापत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग अप्पांनी नातीमार्फत बोलून पाहिलं. सपरीत बसल्या बसल्या ते तिला म्हणाले, "आजीले पूस, गुडघा कसा हाये." पोर अंगण ओलांडून आजीच्या कानाशी गेली आणि किंचाळली, "आजी! आबा पुसतात गुडघा कसा हाये!" झालं. मोठी सून तेल घेऊन धावली, दुसरीनं एरंडाची पानं गरम केली, शेजारून माझी आईसुद्धा गेली. मोठीमाय बिचारी म्हणे, "अवं, गुडघ्याले काईच नाई झालं!" अप्पा उठले आणि काठी घेऊन वावरात निघून गेले.

त्याच सुमारास एका दुपारी मी त्यांच्या सपरीत बसून त्यांना ताजं पत्रक वाचून दाखवत होतो. एकत्र कुटुंब माणसाला कसं गिळतं, त्याची सारासार बुद्धी कशी मारतं, असा मजकूर होता. त्यातला निम्मा मीच लिहिलेला होता. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात बहिऱ्या बायकोचं काई लेहलं हाये का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग माह्या काय कामाचं?" त्यांनी तंबाखू मळायला घेतली, पण ती तशीच तळहातावर राहिली. "मले तिले येक गोठ सांगाची हाये. लय जुनी. रोज म्हनलं, सांगू, सांगू. आता तिचा कान चालला. अन् हे घर असं हाये का अठी बोललं तं कोठ्यातल्या म्हशीले बी समजते."

"मग मोठ्यानं सांगा की, अप्पा! लाज कशाची?" मी म्हणालो. "बायकोशी बोलणं हा काय गुन्हा आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्यं लगन होऊ दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा एका विचित्र उद्योगाला लागले. घराच्या मागच्या टोकाला, कोठ्याच्या पलीकडे, कडबा ठेवायची एक पडकी खोली होती. तिच्यामागे थेट वावर. अप्पांनी ती रिकामी करवली आणि चुलीतली राख मुठीमुठीनं सांडत जमिनीवर रेघा काढल्या. मग सकाळ-संध्याकाळ ते मोठीमायकडे पाहत बसू लागले. ती कुठं बसते, ऊन पायांवर घेते की पाठीवर, उठताना कोणत्या हातानं भिंत धरते. पाहून येत आणि पायानं एखादी रेघ पुसून दुसरीकडे ओढत. सुनांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मला सुनांनी विचारलं तेव्हा मी वाकून रेघा पाहिल्या आणि ओळखलं, की हे घरातलं घर आहे. निजायला जागा, न्हाणी, रांजणाचा ओटा, धान्याची लहान कणगी, स्वतःचं कवाड. दोन माणसांना दिवसभर कोणाकडे काही मागायला जावं लागू नये, एवढं सगळं.

बांधायला करीम मिस्त्री आला. तो अप्पांचा जुना स्नेही, गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. भिंतीची जाडी ऐकल्यावर त्यानं कानाला हात लावला. "अप्पा, खोली बांधू का किल्ला?"

"आवाज बाहेर नाई गेला पाह्यजे."

"कोनाचा आवाज? तुमचा? अरे भाई, तुमचा तं तोंडातून बाहेर नाई येत!"

आमच्याकडे आतल्या भिंती बहुधा तुराट्यांच्या कुडाच्या. वरून शेणमातीचा हात. पलीकडचा सुस्कारासुद्धा अलीकडे येतो. अप्पांनी कूड नको म्हटलं. पांढऱ्या मातीत भरपूर कुटार, म्हणजे भुसा, तुडवून दोन हात रुंदीची भिंत घालायला लावली. अंगणाकडे खिडकी नाही. खिडकी फक्त मागे, वावराकडे. तिकडे ऐकायला कोणी नव्हतं. कवाड अंगणातच, पण त्याच्या आत एक आडवी भिंत, म्हणजे कवाड उघडलं तरी आतलं दिसू नये आणि बोलणं वळण घेता घेता विरून जावं. रांजणाचा ओटा कमरेइतका उंच, मोठीमायला वाकावं लागू नये म्हणून. न्हाणीचं पाणी मागच्या केळीला. बसायची जागा अशी, की तिचं तोंड नेहमी दाराकडे राहील. "तिले मांगून कोनी आलं तं समजत नाई, दचकते," एवढंच त्यांनी कारण सांगितलं.

आणि दाराबाहेर एक दोरी. ती भिंतीतल्या भोकातून आत जाई आणि तिच्या टोकाला, मोठीमायच्या बसण्यासमोर, लाल कापडाची एक पट्टी टांगलेली. येणाऱ्यानं दोरी ओढायची, पट्टी नाचली की तिनं "या" म्हणायचं, मगच आत यायचं. ज्या घरात दिवसा कवाड लावणं म्हणजे काहीतरी लपवणं समजलं जाई, त्या घरात ही दोरी! सुना पदर तोंडाला लावून हसल्या. "आता मायकडे जायाचं तं चिंधी नाचवा लागते, बाई!" मी मात्र ती दोरी पाहून थक्क झालो होतो. हजार पत्रकं वाचून मला जे मागता आलं नव्हतं ते या माणसानं एका सुतळीत बांधलं होतं.

भिंती वाळल्यावर अप्पांनी परीक्षा घेतली. करीमला आत पाठवलं, स्वतः अंगणात उभे राहिले. सगळं घर गोळा झालं.

करीमनं आतून डोकं काढलं. "काय चिल्लावू?"

"मनात हाये ते."

तो आत गेला. आम्ही कान देऊन उभे. बऱ्याच वेळानं, फार लांबून यावं तसं, अस्पष्ट आलं, "...अप्पा... तंबाखू... आपल्यालेच..."

"आयकू येऊन राह्यलं," अप्पा म्हणाले. "छताखाली फट हाये. बुजव."

करीम बाहेर आला तो घामाघूम. "काय आयकू आलं?"

"तंबाखू," शेषरावची बायको म्हणाली आणि अंगणभर हशा पिकला. अप्पांनी चंची काढून करीमपुढे धरली. आयुष्यात पहिल्यांदा, असं करीम पुढे सगळ्या गावाला सांगत फिरला.

इथवर सगळं हसतखेळत झालं. म्हातारपणी नवराबायकोला विसाव्याची जागा हवी, यात वावगं कोणाला दिसलं नाही. पण फट बुजवून झाल्यावर मोठीमाय खोली पाहायला आली. तिनं सगळीकडे हात फिरवला, रांजणाच्या ओट्यापाशी उभी राहून उंची अजमावली, लाल पट्टी आपणच हलवून पाहिली आणि हसली. मग कवाडात येऊन सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "अन् चूल कुठी हाये?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांच्या रेघांत चुलीची जागा नव्हती. ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. सगळं मांडलं होतं त्यांनी, तेवढं एक मांडलं नव्हतं.

"चुलीबिगर घर कायचं?" मोठीमाय म्हणाली. "म्या अठी बसून तुमच्यासाठी भाकर तिकडून मांगवू? मंग तिकडंच बसते की."

ती अंगणात, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. खोली तशीच रिकामी राहिली. आठ-दहा दिवस गेले. अप्पा खोलीच्या दारात जात, आत डोकावत आणि परत येत. कान कोणासाठी थांबणार नव्हता. एके दिवशी नात तिच्या कानाशी ओरडली आणि मोठीमाय नुसती हसली; तिला काही कळलं नव्हतं. अप्पा सपरीतून पाहत होते. त्यांनी करीमला बोलावणं पाठवलं.

करीम माती कालवत असतानाच शेषराव वावरातून आला. त्यानं माती पाहिली, विटा पाहिल्या, आणि सगळं समजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं अप्पांसमोर मान वर केली.

"अप्पा, माही बायको मरून राह्यली होती तवा म्या येक चूल मांगतली होती. तुमी म्हनले, घर फुटते. आता नाई फुटत काय?"

भाकरी थापायचा आवाजसुद्धा थांबला. मी आमच्या भिंतीपाशी उभा होतो आणि माझ्या मनात शेषरावच्या बाजूनं टाळ्या वाजत होत्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला अप्पांचा पराभव हवा होता. तत्त्व म्हणजे तत्त्व. ते दुसऱ्यासाठी एक आणि आपल्यासाठी एक, असं असूच शकत नाही.

अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांनी शेषरावकडे पाहिलं, शेषरावच्या बायकोकडे पाहिलं, मग पलीकडे उन्हात बसलेल्या मोठीमायकडे. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती वाळत घातलेल्या मिरच्या चाळवत होती. त्यांनी खोलीत चूल मांडली तर घराचा कर्ता म्हणून त्यांचा शब्द गेला. न मांडली तर ती खोलीत येत नाही, आणि जे सांगायचं ते सांगायचं राहतं.

"करीम," अप्पा म्हणाले. आम्ही सगळे पुढे वाकलो. "दोन चुलीची माती कर. पयली शेषरावच्या सपरीत मांड."

करीमचा हात थांबला. "अन् तुमची?"

"त्याची झाली का मंग."

शेषराव मातीच्या ढिगाकडे पाहत उभा राहिला. त्याची बायको आत गेली आणि चूल मांडायच्या जागी सारवायला शेणाचा गोळा घेऊन आली. थोड्या वेळानं शेषरावनं धोतर खोचलं, करीमच्या हातातली पाटी घेतली आणि दोन्ही चुलींची माती स्वतः वाहिली.

मोठीमायला हे सगळं खुणांनी कळलं तेव्हा तिनं एकच अट घातली. ती गोवरीचा तुकडा घेऊन मोठ्या सैपाकघरात गेली, तिथल्या चुलीतला निखारा त्यावर घेतला, अर्धा शेषरावच्या बायकोला दिला, अर्धा आपल्या खोलीत नेला. "रोज अठूनच न्यायाचा," तिनं सगळ्या घराला बजावलं. "इस्तू येक तं घर येक. तुमचे अप्पा उगाच भेतात."

गावानं दुसऱ्या दिवशी तीन धूर मोजले. पारावर चर्चा झाली, शामरावाचं घर फुटलं. अप्पांचे एक नातलग तर मुद्दाम बंडी जुंपून समाचाराला आले, घोंगडीवर बसले आणि दबलेल्या आवाजात म्हणाले, "मंग अप्पा, वाटणी कवा?"

"कायची वाटणी?"

"चुली तीन झाल्या म्हनून आयकलं."

"झाल्या न. भाकर गरम भेटते." अप्पांनी त्यांच्यापुढे तंबाखू सरकवली. "वावर येक हाये, तिफन येक हाये. रातची पंगत येक हाये. तुमी बसा, जेवूनच जा. कोन्या चुलीचं खाता ते सांगा."

त्या रात्रीच्या पंगतीत शेषराव पाहुण्याला आग्रह करकरून वाढत होता, असं आई सांगत आली. दुपारी मात्र अप्पा पंगतीला नसत. दुपारी ते अंगणातून कोठ्यापलीकडे जात, दोरी ओढत, थांबत, आणि आतून "या" आलं की कवाड लावून घेत. स्वतःच्या बायकोकडे जाताना दोरी ओढून थांबणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतरही फारसे पाहिले नाहीत.

पुढच्या महिन्यात मला छापखान्याच्या कामावर मलकापूरला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी दुपारी मी आमच्या वावरात गड्याचा डबा पोचवायला गेलो आणि येताना जवळची म्हणून अप्पांच्या खोलीमागची पायवाट धरली. कपाशीला बोंडं धरली होती. तिकडे कोणी जात नसे. खिडकी उघडी होती.

आधी मोठीमायचा आवाज आला. तो तर नेहमीच मोठा. पण त्यात असं काही होतं की माझे पाय थांबले.

"माहा बाप तिकडं अमडापूरले वाटेकडं डोये लावून पडला होता. बंडी जुपली होती. म्या लुगडं बदलून बसली होती बंडीत. सासूनं म्हनलं, येचनीच्या बायाइले भाकरी कोन करल? अन् तुमी बैल सोडले. येक शबूद नाई बोलले. सोडले बैल अन् कोठ्यात नेले."

मग एक आवाज आला जो मी ओळखलाच नाही. घोगरा, फाटका, कधी न वापरलेला. आतली कुठली तरी गंजलेली कडी काढावी तसा.

"चुकलं माह्यं!"

"काय?"

"म्या बैल सोडाले नोको होते! आईले बोलाले पाह्यजे होतं! तुह्या बापाचं तोंड तुले पाहू नाई देल्लं म्या! चुकलं!"

खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्यासमोर पाटावर बसलेले अप्पा. ते गुडघ्यांवर हात टेकून तिच्या डाव्या कानाशी वाकले होते. आयुष्यभर आम्ही त्यांच्यापुढे वाकत आलो होतो. त्यांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"काय म्हनलं?" तिनं पुन्हा विचारलं.

ते पुन्हा ओरडले, पहिल्याहून मोठ्यानं. कपाशीतून दोन पारवे उडाले.

मोठीमायनं तव्यावरची भाकर उलटली, निखाऱ्यावर धरून फुगवली आणि त्यांच्या ताटात ठेवली. "आयकलं होतं मघाच," ती म्हणाली. "जेवा आता. गरम हाये तवर."